नळीला तीट

रत्नागिरीत खोली गरम करायची म्हणजे मिठागरात जाऊन मीठ विकायला बसायचं. वर्षातले बहुतेक महिने इथे माणूस पंच्यानं घाम पुसत असतो. त्यामुळे मी, मोरू तांबट, भर श्रावणात घरात गरम पाण्याच्या नळ्या फिरवतोय असं बाजारात कळलं, तेव्हा सगळे आधी हसलेच. त्यांची चूक नाय. माझ्या तोंडून निघालं की हसायचं, ही सवय गावाला मीच लावलेली.

आदल्या वर्षीचीच गोष्ट. मी आळीत सोडून दिलं की कलेक्टरची मड्डम सकाळी फेरी मारणार आणि ज्या घरचा हंडा जास्त चकचकीत त्या घराला बक्षीस देणार. झालं! बायकांनी कोकमाची सालं चोळून चोळून हंडे घासले आणि रस्त्याच्या कडेला ओळीनं मांडले. मड्डम कुठची यायला? पोस्टाचा शिपाई आला सायकलवरून. प्रत्येक हंड्यात आपलंच तोंड बघून तो असा बावचळला की सायकलसकट गटारात. मी समोरच्या दुकानाच्या फळीवर पोट धरून बसलेलो. अजून आठवलं की हसू येतं, काय करू?

पण ह्या श्रावणात हसण्यासारखं काय नव्हतं.

माझी थोरली बहीण धोंडूबाई, मी तिला अक्का म्हणतो, नवरा गेल्यापासून माझ्याकडेच राहते. तिची एकुलती एक पोर हिरा. मला स्वतःचं पोरबाळ नाय, तेव्हा हिरा काय अक्काची तेवढीच माझी. नवरा तिचा मुंबईला गिरणीत. पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी आली आणि सातव्यातच मोकळी झाली.

पोरगी झाली. वितीएवढी. कातडी अशी पातळ की आतल्या शिरा मोजून घ्याव्यात. रडायची म्हणजे दाराची बिजागरी कुरकुरावी तेवढंच. काशी सुईणीनं तिला कापसात गुंडाळलं आणि आमच्याकडची रीत म्हणून खोलीत शेगडी ठेवली. बाळंतिणीची खोली बंद करायची, निखाऱ्यावर ओवा टाकायचा, बाळंतशेपा टाकायच्या, लसणीची सालं टाकायची, धुरी कोंडायची. आम्ही सगळे तसेच वाढलो. पण ही पोर धुरानं निळी पडायला लागली. अक्कानं घाबरून शेगडी बाहेर काढली तर घटकाभरात पोरीचे पाय गार. मग फडकं तापवून शेकलं, तर मांडीवर फोड आला. इतकी कोवळी!

डॉक्टरांना घेऊन आलो. भला माणूस. भिजत आला, पोरीला बघितलं आणि मला पडवीत बोलावून म्हणाला, "मोरू, धूर अजिबात नको. अंगाला लावून शेक पण नको. पण ऊब तर हवी. हिच्या अंगात स्वतःची ऊब धरायची ताकद अजून आलेली नाही. आख्खी खोलीच आईच्या पोटासारखी ठेव."

"धुराशिवाय विस्तव कुठून आणू, डॉक्टरसाहेब?"

"विलायतेत काचेच्या पेट्या असतात अशा मुलांना. आपल्याकडे नाहीत. दवाखान्याची खोली तर हिच्यापेक्षा ओली. काहीतरी कर, पण लवकर कर."

आईच्या छातीशी ठेवावी, तर हिराला थंडी वाजून ताप भरलेला. पोरीला घेतलं की तीच थडथडायची. आणि अक्काच्या अंगात हाडांशिवाय होतं काय, की ऊब येईल? तरी ती बिचारी पोरीला पदरात घेऊन बसून राहायची.

काशीनं पाळण्याशेजारी एका वाटीत साजूक तूप ठेवलं. म्हणाली, "मोरूदादा, डोळा ह्याच्यावर ठेवा. तूप पातळ तंवर खोली बरी. तूप थिजलं की समजायचं, पोर थिजली."

मी वाटीत बघितलं. काठानं पांढरं धरायला लागलेलं.

त्या दुपारी माझा दोस्त केरू आला. मिऱ्या गावचा. आगबोटीवर आगवाला, बॉयलरात कोळसा टाकणारा. पावसाळ्यात बंदर बंद, बोटी मुंबईला उभ्या, त्यामुळे केरू घरी झोपा काढायला मोकळा. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं विडी विझवली.

"आमच्या बोटीवर सायबाच्या केबिनीत शेगडी नसते रे," तो म्हणाला. "आग खाली, आमच्या बोडक्यावर. वर नुसत्या नळ्या जातात. सायब ऊब घेतो, धूर आम्ही खातो."

मी उभाच राहिलो. माझ्या दुकानात काय असतं? बंब! तांब्याचं पिंप, मधून नळकांडं, त्यात निखारा, भोवती पाणी. आयुष्यभर बंबच केले मी. तो बंब पडवीत ठेवायचा, धूर पडवीतून बाहेर. भिंतीला भोक पाडून पाणी नळीतून खोलीत न्यायचं, भिंतीच्या कडेनं फिरवायचं आणि परत बंबात आणायचं.

"पण फिरवणार कोण? पंप कुठाय?" मी विचारलं.

"पंप कशाला? तापलेलं पाणी वर चढतं, गार झालेलं खाली बसतं. बंबाच्या वरच्या अंगातनं नळी काढ, उतरती उतरती फिरव, खालच्या अंगाला आणून जोड. आपलं आपण फिरत राहील. जत्रेतल्या माणसासारखं."

आता खरा प्रश्न. नळी किती?

ह्यावर आम्ही दोघं इतके भांडलो की काशीनं आतून शू शू केलं. केरू म्हणे साहेबाच्या केबिनीत हातभर नळी पुरते. मी म्हटलं, मेल्या, तिथं वाफ असते, इथं पाणी. तो म्हणे मग दुप्पट कर. मी म्हटलं, कशाची दुप्पट? शेवटी मी आपला बाजारी हिशेब लावला. दुकानात एक तापलेला बंब असला की त्याच्या भोवती किती ऊब वाटते ते मला ठाऊक. खोलीला असे दोन बंब आत ठेवावे लागले असते. मग दोन बंबांच्या अंगाला जेवढा पत्रा लागतो, तेवढाच पत्रा नळीत गेला पाहिजे. ऊब बाहेर पडते ती अंगातून, मग ते अंग उभं असो की वळवळीत.

केरू म्हणाला, "डोकं हाय रे तुला. वाया घालवलंस."

मी पत्रा कापला, गजावर वळवला, सवागीचा खार टाकून सांध्याला डाख दिला. केरू भाता मारत होता. दोन बंबांचा पत्रा कुठून असणार माझ्याकडे पावसाळ्यात? होता तो सगळा संपवला, गिऱ्हाइकाची एक घागर मोडली, माझं स्वतःचं तपेलं मोडलं. तरी दीड बंबाइतकंच झालं. म्हटलं, चालेल.

चढवलं. बंब पेटवला. नळी गरम झाली आणि पाणी खरंच आपलं आपण फिरायला लागलं. बंबाचं झाकण काढून बघितलं तर खालच्या नळीतून पाणी येताना दिसत होतं. मी आणि केरूनं पडवीत फुगडी घातली. दोन घोडे!

आळी बघायला आली. येणारच. बाळंतिणीच्या खोलीत कोणी शिरू नये म्हणून अक्का दारातच उभी, पण दारातून मुंड्या आत. "काय गो ती नळी! सोन्यागत चमकतेय! मोरूनं ह्या खेपेला खरं काम केलं हां!" अक्काला अभिमान. तिनं नियमच केला, रोज सकाळी आंघोळ करून सोवळ्यानं ती आख्खी नळी कोकमानं आणि राखाडीनं घासायची. बाळंतिणीची खोली, त्यात सहावी जवळ आलेली. सटवाई नशीब लिहायला येणार ती घाणेरड्या खोलीत येईल काय? आणि मी कशाला अडवू? तांबटाचा पोर मी. तांब्यावर डाग दिसला की मला जेवण जात नाय.

पण तूप थिजलं.

पहिल्यांदा काठानं, मग मधोमध साय धरली. बंबात निखारा भरभरून घातला तरी थिजलंच. बाहेर पाऊस असा की समोरचा माड दिसेना, भिंतींना ओल, जमिनीला ओल. पोरीचे ओठ पुन्हा निळसर. काशी कापसाची वात दुधात बुडवून ओठाला लावायची, तर पोर तोंडही उघडेना. दूध गालावरून ओघळायचं.

केरूनं परतीच्या नळीला हात लावला आणि झटक्यात काढला. "मोरू, पाणी गरमच्या गरम परत येतंय!"

"मग चांगलं नाय काय?"

"कसलं चांगलं? ऊब खोलीत सांडायला हवी होती. ती तशीच फिरून घरी येतेय. पाव्हणा आला, दारात उभा राहिला, न जेवता परत गेला. नळी आखूड पडली रे. अजून हवी."

अजून! तांबं आणू कुठून? मुंबईचा माल यायचा तो बोटीनं, बोट नारळी पौर्णिमेनंतरची. कोल्हापूरचा रस्ता होता. मी तसाच डोक्यावर इरलं घेऊन मोटरच्या अड्ड्यावर गेलो, मिळेल त्या गाडीनं पालीपर्यंत पोचलो. पुढे घाटात दरड कोसळलेली. पालीच्या बाजारात दुकानादुकानात हात जोडले. मडकी होती, लोखंडाच्या कढया होत्या, तांब्याचा पत्रा नाय. परत येताना गाडीत मी एक शब्द बोललो नाय. ड्रायव्हर ओळखीचा, तो वाट बघत राहिला मी काहीतरी चावट बोलेन म्हणून. शेवटी म्हणाला, "काय मोरूशेठ, आज तोंडाला कुलूप?"

घरी आलो तो भिजल्या अंगानं आळीत दारोदार फिरलो. "वैनी, तुमचा हंडा द्या. मोडून नळी करतो. बोट आली की नवा करून देतो, ह्याच्यापेक्षा जड."

सगुणावैनी, समोरच्या घरची, मला वरपासून खालपर्यंत बघून हसली. "ह्या खेपेला कोण येतेय मोरूभावजी? लाटसायबाची मड्डम?"

"वैनी, पोर मरतेय."

"हंडे घासून रस्त्यावर ठेवू काय?" आणि आतल्या बाईला हाक मारली, "आयकलंस काय गो, मोरूभावजी पुन्हा हंडे मागायला आले!" दोघी हसल्या. दार लागलं.

पुढच्या दारात तेच. त्याच्या पुढच्या दारात तर मी यायच्या आधीच हसू पोचलेलं. डोळ्यांत पाणी आणलं तर म्हणाले, सोंग काय हुबेहूब वठवतो! आईची शपथ घेतली, पण आईच्या शपथा मी मड्डमच्या वेळीही घेतल्या होत्या. एकानंही हंडा दिला नाय.

मग मी गेलो बाबल्याकडे. बाबल्या कोण? खाडीच्या पलीकडे करवंदीच्या जाळीत रात्रीचा भट्टी लावणारा बाबल्या. हातभट्टीत वाफ गार करायला तांब्याची वेटोळी नळी लागते. ती मीच त्याला करून दिलेली, कुणाला सांगू नका. पावसानं भट्टी बंद होती. त्यानं एक प्रश्न विचारला नाय. छपरात खुपसलेली नळी काढून हातात दिली. वर्षानुवर्षं धुरात राहून ती तव्याच्या बुडासारखी काळी झालेली.

"पोरीसाठी ना? ने," एवढंच म्हणाला.

मी ती घेऊन घरी आलो आणि अक्काच्या नाकाला वास गेला.

"दारूची नळी? माझ्या नातीच्या उशाशी? जल्लं तुझं तोंड मेल्या!"

"अक्का, तांब्याला जात नसते गो."

"तुला नाय, तशी तांब्यालाही नाय! पायगतीला लाव काय ती. कोपऱ्यात. आणि सांगून ठेवते, माझा हात तिला लागायचा नाय."

लावली पायगतीला, सगळ्यात शेवटी, जिथून पाणी परत बंबाकडे वळतं तिथे. तुपाची साय जरा मऊ पडली. जराच. मग पावसानं अजून जोर धरला आणि ती पुन्हा घट्ट झाली. काशी काय बोलेना. सुईण गप्प झाली की समजावं. हिरा भिंतीकडे तोंड करून पडलेली. तिला सांगितलं नव्हतं, पण आईला काय सांगावं लागतं?

मी खोलीच्या उंबऱ्यावर बसलो. डोक्यात नुसतं फिरत होतं, नळी, अजून नळी, अजून नळी. तेवढ्यात अक्का कडाडली, "हाड! हाड! पुन्हा आली ही!"

मांजर. शेजारची लाल मांजर. बाळंतिणीच्या खोलीत मांजर म्हणजे अक्काला साक्षात सटवाईचा अपमान. तिनं केरसुणी फेकली, मांजर पळाली. वायच वेळानं पुन्हा आत, आणि पुन्हा त्याच जागी, पायगतीच्या कोपऱ्यात. दारूच्या नळीखाली अंगाचं वेटोळं.

मला पहिल्यांदा रागच आला. मग मनात आलं, ही इथेच का? बंबातून ऊन ऊन पाणी निघतं ते दाराजवळून. तिथली नळी हात भाजेल इतकी गरम. मांजराला ऊब हवी तर तिथे बसावं. ही सगळ्यात शेवटी, जिथे पाणी त्यातल्या त्यात निवलेलं, तिथे येऊन झोपते. मांजर दारू तर पीत नाय.

मी रांगत गेलो. अक्कानं घासलेल्या नळीजवळ गाल नेला, वीतभर लांब. काहीच नाय. जणू नळीत पाणीच नाय. मग काळ्या नळीजवळ, तेवढ्याच लांब. गालावर ऊब आली. उन्हाकडे तोंड केल्यासारखी.

काशीच्या वाटीतून तुपाचे दोन गोळे घेतले, दोन पानांवर. एक चकचकीत नळीसमोर, एक काळ्या नळीसमोर. बसलो बघत. काळ्यासमोरचा गोळा हळूहळू पसरला, पानावरून घरंगळला. चकचकीतासमोरचा तसाच, सुपारीसारखा.

तिथे मला कळलं. चकचकीत तांबं आपली ऊब अंगाबाहेर टाकत नाय, धरून बसतं. काळं सोडून देतं. का, ते त्या विश्वकर्म्याला ठाऊक. पण नळी आखूड नव्हतीच. आम्ही रोज सकाळी कोकमानं घासून तिला मुठीत बंद करत होतो.

मी उठलो तो ओरडतच. "अक्का! चुलीवरची काजळी आण! सगळी नळी काळी करायची!"

अक्का दारात. हातात कोकमाची सालं, नुकतीच घासायला निघालेली. आधी तिला कळलंच नाय. कळलं तेव्हा तिचं तोंड असं झालं की मी एक पाऊल मागे सरलो.

"उद्या सहावी. पोर अशी टेकलेली. आणि तू माझ्या खोलीला काळं फासतोस?"

"अक्का, हे बघ, तूप बघ..."

"थट्टा सुचते तुला? इथे? मोरू, लाज वाटू दे रे! आळीला फसवलंस, पोस्टाच्या माणसाला पाडलंस, मी हसले. पण हिच्यावर?" तिचा हात वर गेला आणि कोकमाच्या सालासकट माझ्या कानशिलावर बसला.

"मामा," पलंगावरून हिराचा आवाज आला, बारीक, "आज नको ना."

मी केरूकडे बघितलं. हा तर माझ्याबरोबर होता ना! केरूनं मान खाली घातली. "तू खरं बोलतोस की काय, मला पण कळत नाय रे," तो म्हणाला. "तांबट माणूस म्हणतोय तांबं काळं करा. कोण धरील खरं?"

झालं. उभ्या जन्मात मी एकदा खरं बोललो आणि घरातलं एक माणूस ते घ्यायला तयार नाय. मी अक्काचे पाय धरले. तिनं पाय काढून घेतले आणि नळी घासायला बसली. खस खस खस. प्रत्येक खस माझ्या काळजावर. पाळण्यातून बिजागरीचा आवाजही आता येत नव्हता. काशी वाकून पोरीच्या नाकाशी बोट धरून होती.

अन् तेवढ्यात दारात सगुणावैनी. खिचडीची वाटी घेऊन आलेली, मनानं वाईट नव्हती बाई. नळीकडे नजर गेली आणि सवयीनं बोलली, "अगो बाय! काय लखलखतेय! असं तांबं जन्मात बघितलं नाय."

अक्काचा हात क्षणभर थांबला. कपाळावर बारीक आठी. माझ्या नजरेतून ती सुटली नाय. माणसाची आठी ओळखण्यावरच माझी अर्धी हयात गेलेली.

वैनी गेल्यावर मी अक्काच्या बाजूला उकिडवा बसलो. आवाज अगदी खाली आणला.

"अक्का. दृष्ट."

तिनं वर बघितलं.

"आठवून बघ. पहिल्या दिवशी नळी कशी चालली. मग आळी आली. सोन्यागत काय, लखलखतेय काय. ज्यानं त्यानं वाखाणली. त्यानंतर तूप थिजलं की नाय? पोरीला तीट लावलीस. हिला कुठे लावलीस?"

अक्कानं हातातलं कोकमाचं साल खाली ठेवलं.

"आणि ती दारूची बघ. तिच्याकडे कोणी ढुंकून बघितलं? नाय. म्हणून तिची ऊब शाबूत. हात धर समोर. लावू नको, विटाळ होईल. नुसता धर."

तिनं आधी घासलेल्या नळीसमोर हात धरला. मग सरकत सरकत काळ्या नळीसमोर. तिथे हात धरून राहिली बराच वेळ. तिचा चेहरा हळूहळू बदलला.

"मेल्या," ती म्हणाली, "हे आधी नाय सांगायचं? थट्टा कसली करत बसलास?"

काशी लगेच म्हणाली, "मी म्हणतच व्हते धोंडूबाय, कायतरी लागलंय म्हणून."

केरूनं तोंडावर उपरणं दाबलं आणि तो पडवीत पळाला.

मग अक्काचा पदर खोचला गेला. चुलीवरची, छपराच्या वाशांवरची, न्हाणीतल्या पाणचुलीची, होती नव्हती ती सगळी काजळी खरवडून टोपलीत आली. ती पुरेना म्हणून एरंडेलाचे दिवे लावून पडवीत उलटी ताटं धरली. भाताच्या पेजेत कालवून सरबरीत लेप झाला. मी दाराकडून, केरू मधून, अक्का उशाकडून. मी घाईत एक वळण सोडलं तर ओरडली, "तो सांधा राहिला! आंधळा हायस? दृष्ट तिथनंच शिरेल!" असं काम मी स्वतः सांगून कुणाकडून करून घेतलं नसतं. सांध्याच्या मागे बोट घालून घालून तिनं काळं भरलं. आयुष्यभर घासून चकचकीत केलेलं तांबं मी माझ्या हातानं काळं करत होतो आणि ते मला इतकं सुंदर कधी दिसलं नव्हतं.

बंबात निखारा घातला. पाणी फिरलं. आम्ही बसलो.

पहिल्यांदा काही नाय. पेजेचा वास तेवढा सुटला. अक्का तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती. मी तुपाच्या वाटीकडे बघायचं टाळत होतो. बाहेर पाऊस कौलांवर आपटत होता आणि मला वाटत होतं, उशीर झाला. पालीला गेलो तो वेळ गेला, आळीत फिरलो तो गेला, ह्या नळीच्या पायी भांडलो तो गेला. पोरीची बोटं कापसातून बाहेर आलेली, तांदळाच्या दाण्याएवढी नखं, निळी.

पडवीतून केरूची बोंब आली. "मोरू! पाणी गार येतंय!"

मी धावलो. परतीच्या नळीला हात लावला. कोमट! मघा भाजत होती ती. ऊब आत सांडत होती. मी गार पाण्याला असा मिठी मारायला कधी धावलो नव्हतो. "निखारा घाल! अजून घाल!" बंब आता खादाड झाला. ऊब खोलीत जायला लागली तशी त्याला आग पुरेना. केरू कोळसा टाकत होता बोटीवर टाकायचा तसा, घाम गळत होता, शिव्या देत होता.

आत आलो तर खोलीची हवा बदललेली. ओल्या भिंतीचा कुबट वास जाऊन मातीच्या तापलेल्या भिंतीचा वास आला. तूप काठानं सुटलं, मधला गोळा वाटीत हलायला लागला. अक्कानं पदरानं कपाळ पुसलं, आणि कपाळ काळंकुट्ट झालं. कोणी सांगितलं नाय तिला.

पण पोर तशीच. डोळे मिटलेले. काशीनं पायाला हात लावला. पुन्हा लावला.

"गार हायत अजून," ती म्हणाली. "पण मघासारखे नायत."

मग आम्ही वाट बघितली. बंब, नळी, वाटी, पाय. बंब, नळी, वाटी, पाय. अंधारून यायच्या आत काशीनं पुन्हा वात दुधात बुडवली आणि ओठाला लावली. दूध गालावरून ओघळलं. पुन्हा लावली. ओघळलं.

हिरा उशीवरून मान वळवून बघत होती. ताप तिचा उतरत होता, नजर साफ होती. "मामा," ती म्हणाली, "तू कधी खरं सांगत नाहीस. आज सांग. जगेल ना?"

माझ्या जिभेवर दहा थापा तयार होत्या, त्यातली एकही निघेना. खरं तर मला माहीतच नव्हतं. मी नुसता तिच्या पायाशी बसलो, काळे हात मांडीवर ठेवून.

तेवढ्यात काशी म्हणाली, "अगो, अगो!"

आम्ही सगळे वाकलो. वातीचं टोक पोरीच्या ओठात होतं आणि काशीच्या बोटातली वात ताणली जात होती. बारीक आवाज येत होता, चुट्, चुट्. काशीनं पुन्हा दुधात बुडवायला वात मागे ओढली, तर ती सुटेना.

"सोड गो बाये," काशी म्हणाली, रडत होती की हसत होती कळेना, "सोड, कापूस हाय तो, गिळशील!"

पोरगी सोडायला तयार नव्हती.